केल्मस्कॉट मॅनर: इंग्लंडमधल्या एका जुन्या दगडी शेतघराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड या डोंगराळ भागातल्या दगडी घरांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण ती घरं उभी कशी राहिली, छपरावरचे ते दगड खाली का येत नाहीत, खिडक्या एवढ्या बारक्या का, हे फोटोत कळत नाही. म्हणून एकच घर घेऊन उत्तरं दिली आहेत. घर ओळखीचं निवडलं आहे, कारण त्याच्याबद्दल भरपूर लिहून ठेवलेलं आहे आणि ते आत जाऊन बघता येतं.

हे घर आहे कुठं आणि कुणाचं?

ऑक्सफर्डशायरच्या नैऋत्य कोपऱ्यात, लेचलेड या छोट्या बाजारगावापासून पाच किलोमीटरच्या आत, टेम्स नदीच्या काठी केल्मस्कॉट नावाचं खेडं आहे. गावाच्या टोकाला हे घर. मूळ बांधकाम १६०० च्या सुमाराचं, टर्नर नावाच्या शेतकरी कुटुंबाचं. १८७१ साली विल्यम मॉरिस आणि चित्रकार दान्ते गेब्रिएल रोझेटी या दोघांनी मिळून ते भाड्यानं घेतलं. मॉरिस म्हणजे कापडावरची आणि भिंतीवरच्या कागदाची ती वेलबुट्टी करणारा, कवी, आणि पुढे कट्टर समाजवादी झालेला माणूस. १८९६ मध्ये तो गेला तरी घर कुटुंबाकडंच राहिलं. त्याची बायको जेन हिनं १९१३ मध्ये ते विकत घेतलं, 'मे' नावाची त्याची मुलगी १९३८ मध्ये मरेपर्यंत तिथं राहिली. मेनं घर ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलं होतं, पण तिच्या अटी विद्यापीठाला झेपेनात. शेवटी १९६२ मध्ये ते सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातन वस्तू-वास्तूंचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या संस्थेकडे आलं आणि आजही तिच्याकडेच आहे.

नावात 'मॅनर' आहे. मग शेतघर कसं?

नाव फसवं आहे. मॅनर म्हणजे जमीनदाराची गढी, जिथून आसपासच्या गावावर हक्क चालतो. हे घर तसं कधीच नव्हतं. टर्नर हे 'योमन', म्हणजे स्वतःच्या हिमतीवर वर आलेले सधन शेतकरी. बराच काळ याला नुसतं 'लोअर हाउस', खालचं घर, म्हणत. 'मॅनर' ही बिरुदावली एकोणिसाव्या शतकात, १८६० च्या दशकात चिकटली.

हे एवढं ताणून सांगायचं कारण आहे. जमीनदाराच्या वाड्यात समोरची बाजू दाखवण्यासाठी असते. इथं समोरची बाजू म्हणून काही खास नाही. दरवाज्यापुढं छोटी बाग, दोन्ही बाजूंना उंच दगडी कुंपण, मागं गोठे आणि कोठारं. घरातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पाऊस, थंडी, दगड आणि हाताशी असलेला पैसा या चार गोष्टींच्या हिशेबानं झालेली आहे. पुढची बहुतेक उत्तरं याच हिशेबाची आहेत.

चारशे वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला एवढं दगडी घर परवडलं कसं?

तो काळच तसा होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये धान्याचे आणि लोकरीचे भाव चढत गेले, पण अनेक शेतकऱ्यांचे खंड जुन्या करारांनी बांधलेले होते. विकायचं ते महाग, द्यायचं ते तेवढंच. मधला पैसा घरात गेला. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये या लाटेला ग्रामीण इंग्लंडची 'मोठी पुनर्बांधणी' म्हटलं आणि तिचा काळ १५७० ते १६४० असा धरला. त्या तारखांवर नंतर वाद झाले, प्रत्येक भागात ती लाट वेगळ्या वेळी आली असं दिसलं. पण कॉट्सवोल्डपुरतं बोलायचं तर गावागावांत उभी असलेली जुनी शेतघरं बघून हॉस्किन्स यांचं म्हणणं पटतं.

या लाटेत खरी क्रांती केली ती धुराड्यानं. आधीच्या घरात मधल्या दालनात उघडी चूल असे आणि धूर छपरातून वाट काढी. त्यामुळं वर मजला घालता येत नसे. धूर भिंतीतल्या दगडी धुराड्यात गेल्यावर दालनाला छत घालता आलं, छतावर झोपायच्या खोल्या आल्या, त्यावर माळा आला. केल्मस्कॉटचं घर हे या नव्या पद्धतीचं.

दगड कुठला आहे? कॉट्सवोल्डचा दगड पिवळा असतो ना?

सगळीकडे नाही. हा चुनखडक आहे, सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार, उथळ समुद्रात साठलेला. त्याच्या चांगल्या जातीत खसखशीएवढे गोल दाणे दिसतात. वाळूच्या कणावर किंवा शिंपल्याच्या तुकड्यावर लाटांच्या हालचालीत चुन्याचे थर चढत गेले की असा दाणा तयार होतो. तुटलेल्या ताज्या कडेवर बोट फिरवलं तर दाणे हाताला जाणवतात.

रंग लोहावर ठरतो. उत्तरेकडे, चिपिंग कॅम्पडनच्या बाजूला लोह जास्त, तिथं भिंती मधासारख्या पिवळ्या. दक्षिणेकडे येत गेलात की रंग फिका, राखाडी होत जातो. केल्मस्कॉट तर डोंगरावर नाहीच, टेम्सच्या सपाट खोऱ्यात आहे. इथलं घर राखाडी आहे, ढगाळ दिवशी तर पार निस्तेज दिसतं. पोस्टकार्डवरचा सोनेरी रंग शोधत आलेल्यांचा हिरमोड होतो. माझं मत विचाराल तर पिवळ्या गावांपेक्षा हा रंग डोळ्याला कमी शिणवतो.

चुनखडक खाणीतून काढला की ओलसर असतो, सहज कापला जातो, आणि हवा लागली की कठीण होतो. म्हणून कोपऱ्याचे, खिडकीच्या चौकटीचे, दरवाज्याच्या कमानीचे घडीव दगड लांबच्या चांगल्या खाणीतून आणत आणि मधली भिंत जवळच्या अनघड दगडानं भरत. बैलगाडीनं वा घोडागाडीनं दगड आणायचा तर भाडंच दगडाच्या किमतीवर जाई. पैसा कुठं घातला आणि कुठं वाचवला, ते भिंतीकडं नीट बघितलं की वाचता येतं.

भिंतीत आत काय असतं? आणि त्या मागं झुकलेल्या वाटतात, तो भास आहे का?

अशी भिंत साधारण अर्धा मीटर किंवा त्याहून जाड असते, आणि खरं तर त्या दोन भिंती असतात. बाहेरची एक, आतली एक, दोन्ही सपाट बाजू दर्शनी ठेवून रचलेल्या, आणि मधल्या पोकळीत दगडाचे कपचे, माती, चुना यांचा भराव. दोन्ही एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून मधूनमधून लांब आरपार दगड घालतात. हे दगड कमी पडले किंवा भरावात पाणी शिरलं की बाहेरची भिंत पोट काढते. जुनं घर बघायला गेलात तर भिंतीला गाल लावून कडेनं नजर टाका. फुगवटा असेल तर तो असाच दिसतो.

झुकल्याचा भास नाही. मॉरिसनंच आपल्या घराच्या वर्णनात नोंदवलं आहे की भिंती वर जाताना किंचित मागं कलतात. त्याच्या लेखी हे गवंड्याच्या हाताला पडलेलं वळण होतं, कुणी नकाशावर काढून दिलेलं नव्हतं. पाया रुंद, माथा अरुंद ठेवला की वजन आत येतं, एवढं त्या हाताला ठाऊक होतं.

नंतरच्या भागाच्या भिंतींवर चुन्याचा पातळ गिलावा आहे. मॉरिसच्या वेळेपर्यंत तो दगडाच्याच रंगाचा झाला होता. 'दगडी घर म्हणजे दगड दिसलाच पाहिजे' ही आवड अलीकडची. अनघड दगडाच्या भिंतीला पावसापासून वाचवायला गिलावा हवाच, असं जुने लोक मानत. विसाव्या शतकात हौसेखातर असे कितीतरी गिलावे खरवडले गेले आणि मग ओल येते म्हणून तक्रारी सुरू झाल्या.

छपरावर स्लेट आहे की कौलं?

दोन्ही नाही म्हणावं आणि दोन्ही म्हणावं अशी वस्तू आहे. इंग्रजीत हिला स्टोन स्लेट म्हणतात, पण वेल्समधल्या काळ्या स्लेटशी तिचा संबंध नाही. हा चुनखडकच, फक्त पातळ पापुद्र्यांत सुटणारा. आपण दगडी कौलं म्हणू.

या कौलांचं सर्वात नावाजलेलं गाव म्हणजे याच परगण्यातलं स्टोन्सफील्ड. तिथली पद्धत ऐकण्यासारखी आहे. जमिनीखालून दगडाचे ठोकळे शरद ऋतूत बाहेर काढायचे आणि ते ओलेच ठेवायचे. एकदा वाळला की तो दगड पुन्हा नीट फुटत नाही. मग वाट बघायची ती कडक गारठ्याची. दगडातलं पाणी गोठून फुगतं, थर सुटे होतात, आणि वसंतात हातोडीच्या हलक्या ठोक्यानं कौलं निघतात. रात्री अचानक कडक गारठा पडायची चिन्हं दिसली की चर्चची घंटा वाजवत आणि सगळं गाव अंथरुणातून उठून दगडावर पाणी घालायला धावे. हिवाळा सौम्य गेला तर ठोकळे मातीनं झाकून पुढच्या वर्षापर्यंत ओले राखायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा धंदा बसला. आज जुन्या इमारतींची उतरवलेली कौलं पुन्हा वापरतात, त्यामुळं एक छप्पर वाचवायला दुसरं कुठलं तरी उघडं पडतं. नव्या कौलांच्या थोड्या खाणी चालू आहेत, पण मागणीला पुरत नाहीत.

जाता जाता: याच स्टोन्सफील्डच्या खाणीत एका प्रचंड सरड्यासारख्या प्राण्याची हाडं सापडली. १८२४ मध्ये विल्यम बकलंड यांनी त्याला मेगॅलोसॉरस नाव दिलं. शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनोसॉर. ज्या दगडात त्याची हाडं निघाली त्याचाच भाऊबंद लोकांच्या छपरावर आहे.

कौलं खाली मोठी आणि वर लहान का?

दगड निघतो तसा वापरायचा म्हणून. पापुद्रे एका मापाचे सुटत नाहीत. त्यामुळं सगळ्यात मोठी, जड कौलं वळचणीला लावतात आणि आढ्याकडं जाताना माप कमी करत नेतात. वरच्या कौलावरचं पाणी खालच्यावर येतं, म्हणजे सर्वात जास्त पाणी वळचणीला, तिथं सांधे कमी असलेले बरे. जड कौलं भिंतीच्या डोक्यावर बसली की वाशांवरचा भारही हलका होतो. प्रत्येक मापाला गवंड्यांनी नाव दिलेलं आहे. 'लाँग बॅचलर', 'शॉर्ट बॅचलर' ही त्यातली दोन. बाकीची तर याहून तऱ्हेवाईक.

मॉरिसला हे छप्पर फार प्रिय होतं. मापानं उतरत गेलेल्या या रांगांत माशाचे खवले किंवा पक्ष्याची पिसं बघितल्यासारखा आनंद होतो, असं त्यानं लिहून ठेवलं.

जवळून बघायचं तर माळ्यावर जाऊन खालच्या अंगानं बघावं. प्रत्येक कौलाच्या वरच्या टोकाला एक भोक, भोकात ओकच्या लाकडाची खुंटी, आणि ती खुंटी वाशांवरच्या रिपेला अडकवलेली. खिळा नाही. सांध्यांतून वारा आणि हिमाचा भुगा येऊ नये म्हणून आतून चुना आणि जनावराचे केस यांचा लेप देत. लेप गळून पडला की माळ्यावर उजेडाच्या रेघा दिसतात.

छप्पर इतकं उभं का?

हा दगड पाणी पितो. पाणी रेंगाळलं तर आत मुरतं, गोठतं आणि कौल फुटतं. म्हणून पाखं साधारण ५० अंशांच्या आसपास उभी ठेवतात, पाणी आलं की घसरलं पाहिजे. वजनही कमी नाही: दर दहा चौरस मीटरला सुमारे एक टन. त्यासाठी आत ओकचे जाडजूड तुळया-वासे लागतात. उभ्या पाखांमुळं आत उंच माळा आपोआप मिळाला आणि त्याला उजेड हवा म्हणून भिंतच त्रिकोणी करून वर नेली, तिच्यात खिडकी बसवली. कॉट्सवोल्डच्या घरांची ती ओळीनं उभी त्रिकोणी शिखरं, गेबल म्हणतात ती, मूळची शोभेसाठी नाहीत.

खिडक्या अशा बारीक का? खिडकी कर होता म्हणून?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. खिडक्यांवरचा कर १६९६ मध्ये लागला आणि १८५१ मध्ये उठला. घर त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचं आहे. कुठल्याही जुन्या घरात बुजवलेली खिडकी दिसली की वाटाडे कराची गोष्ट सांगतात. बऱ्याचदा खरं कारण जिना हलवला, खोली बदलली, एवढंच असतं.

खरं कारण काच आणि दगड. त्या काळी काचेचे छोटे तुकडेच मिळत. ते शिशाच्या पट्ट्यांत गुंफून तावदान करायचं. असं तावदान फार रुंद केलं तर वाऱ्यानं वाकतं. म्हणून मोठ्या खिडकीत दगडाचे उभे खांब घालून तिचे दोन, तीन, चार अरुंद भाग करायचे. वरच्या दगडी पट्टीलाही मधूनमधून आधार मिळतो. खिडकीच्या डोक्यावर भिंतीबाहेर आलेली कोरीव दगडी पट्टी असते, ती दोन्ही टोकांना खाली वळलेली. तिच्या खालच्या अंगाला खोबण असते. भिंतीवरून ओघळणारं पाणी त्या खोबणीपाशी तुटून खाली पडतं, काचेवर येत नाही. सगळ्या घरात मला सर्वात हुशार वाटलेली गोष्ट ही पट्टी.

घराचा नवा भाग कुठला? तो ओळखायचा कसा?

१६६५ च्या आसपास ईशान्येला एक भाग जोडला गेला. बाहेरून त्याच्या त्रिकोणी शिखरातल्या माळ्याच्या खिडक्या बघा. डोक्यावर छोटे त्रिकोणी मुकुट आहेत, ग्रीक-रोमन पद्धतीचे. लंडनमध्ये त्या वेळी अभिजात शैली स्थिरावली होती, इथल्या गवंड्यानं ती ऐकीव माहितीवर केली असावी अशी दिसते. भिंत जुनीच, दगड जुनाच, छप्परही जुन्याच चालीचं, आणि मध्येच हे मुकुट. टर्नरांची ऐपत वाढली होती आणि ती दिसावी अशी इच्छाही. या एका कोपऱ्यात शेतकऱ्यानं दिखाव्यासाठी पैसा खर्च केला, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवायचं कारण नाही. आतल्या शेकोट्याही इथं जास्त नटव्या आहेत, त्यांवर टर्नरांचं कुलचिन्ह आहे.

आतली रचना कशी आहे?

दारातून शिरलं की एक बोळ लागतो. त्याच्या एका अंगाला मुख्य दालन, दुसरीकडं स्वयंपाक आणि कोठीचा भाग. ही मांडणी मध्ययुगापासून चालत आलेली. नव्या भागात तळाला लाकडी अस्तराची पांढरी खोली, तिच्या वर टॅपेस्ट्रीची खोली. तिथं भिंतींवर सतराव्या शतकातले विणलेले पडदे आहेत, बायबलमधल्या सॅमसनच्या कथेचे. मॉरिस आला तेव्हा ते तिथं होतेच. त्याला आवडायचे. रोझेटीनं ती खोली चित्रं काढायला घेतली होती आणि सॅमसनचे डोळे काढतानाचा प्रसंग रोज समोर बघून तो वैतागायचा.

वरच्या मजल्याला बोळ नाही. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. पाहुण्यांची यामुळं पंचाईत व्हायची, बैठकीच्या खोलीला लागून कुणाचा तरी पलंग हे त्यांना भलतंच वाटे, असं मॉरिस मजेनं सांगतो. 'आपली स्वतंत्र खोली' ही कल्पना शेतकऱ्याच्या घरात उशिरा पोचली. मॉरिसच्या स्वतःच्या पलंगाला मे हिनं आखलेली झालर आहे, तिच्यावर बापाची कविता भरतकामात उतरवलेली.

माळ्यावर कोण राहायचं?

शेतावरचे गडी, धनगर. आणि धान्य, लोकर, सफरचंदं. इथले ओकचे बाकदार वासे बघायला माणसं खास वर चढतात. वासा वाकडा कारण झाड वाकडं होतं. सुतारानं त्याला सरळ करत बसण्यापेक्षा वाकाचा उपयोग करून घेतला.

शौचालय होतं का?

बागेत आहे. पाण्याऐवजी माती टाकायचं, आणि एका फळीवर तीन बैठका शेजारी शेजारी. मुलं घेऊन येणाऱ्यांना संपूर्ण घरात हेच लक्षात राहतं.

मॉरिसनं घरात काय बदललं?

फार थोडं, आणि हेच महत्त्वाचं. त्यानं तरुणपणी, १८५९ मध्ये, वास्तुविशारद मित्र फिलिप वेबकडून लंडनजवळ लाल विटांचं रेड हाउस बांधून घेतलं होतं. आराखड्यापासून फर्निचरपर्यंत सगळं स्वतःच्या मनासारखं. केल्मस्कॉटला आल्यावर मात्र त्यानं हात आखडता घेतला. १८७१ च्या एका पत्रात तो या जागेला पृथ्वीवरचा स्वर्ग म्हणतो. भाडं वर्षाला ६० पौंड, तेही दोघांत. १८७४ मध्ये रोझेटी निघून गेला. रोझेटी आणि जेन यांच्या प्रेमाच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतीलच, त्यांचा भिंतींशी संबंध नाही, म्हणून इथं सोडून देऊ.

बागेत मात्र मॉरिसनं हौस केली. यू झाडाच्या कुंपणाला कातरून त्यानं एक ड्रॅगन केला, नॉर्स कथांतला फाफनिर. तो अजून कातरला जातो. आणि या बागेतल्या स्ट्रॉबेरी पळवणाऱ्या थ्रश पक्ष्यांवरून त्याचं १८८३ चं 'स्ट्रॉबेरी थीफ' हे कापड आलं. निळीत रंगवून, मग रंग उडवून नक्षी काढण्याचं ते किचकट काम होतं.

जीर्णोद्धार आणि दुरुस्ती यात इंग्लंडमध्ये एवढा भेद का करतात?

याचं उत्तर या घराच्या दहा मैलांच्या टापूत आहे. एकोणिसाव्या शतकात जुनी चर्चं 'मूळ रूपात' आणण्याची टूम निघाली. म्हणजे नंतरच्या शतकांनी घातलेलं सगळं खरवडायचं आणि तेराव्या शतकात ते असं असावं अशा कल्पनेनं नवं घडवायचं. जवळच्या बर्फर्डच्या चर्चमध्ये हे चाललेलं मॉरिसनं १८७६ मध्ये बघितलं आणि तो खवळला. पुढच्या वर्षी ट्यूक्सबरीच्या मठाची पाळी येतेय म्हटल्यावर त्यानं एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं आणि १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. एसपीएबी या नावानं ती आजही काम करते, गवंडी आणि वास्तुविशारद तयार करते.

तिचं म्हणणं साधं आहे. रोजची निगा राखा. मोडलं ते दुरुस्त करा, आणि दुरुस्ती झाकू नका. गेलेलं पुन्हा खोटं घडवू नका. लेचलेडजवळ इंग्लशमचं छोटं चर्च मॉरिसच्या पाठपुराव्यानं याच पद्धतीनं वाचलं. तिथली वाकडी बाकं आणि एकावर एक चढलेले भिंतीचे रंग बघितले की हे तत्त्व चार व्याख्यानांपेक्षा लवकर कळतं.

दगडी भिंतीच्या दरजा सिमेंटनं का भरू नयेत?

कारण भिंत मरते. चुन्याच्या भिंतीत पाणी शिरतं तसं दरजांमधून बाहेरही निघतं. चुना दगडापेक्षा मऊ, सच्छिद्र. झीज झाली तर दरजेची होते, ती पुन्हा भरता येते. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि बंद. पाणी दरजेतून निघू शकत नाही, दगडातून निघायला बघतं, थंडीत तिथंच गोठतं आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यानं सुटून येतो. दहा-वीस वर्षांत दरजा ताठ उभ्या आणि मधला दगड आत गेलेला, असं उलटं चित्र दिसतं. आपल्याकडं जुन्या वाड्यांच्या चुन्यातल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारल्यावर ओल आणि लोणा चढतो, त्यामागचं कारण हेच.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन यांचं. म्हणजे हे घर दोनशे वर्षं त्याच्याशिवाय उभं होतं. १९६० च्या दशकात सोसायटीकडे आलं तेव्हा त्याची अवस्था वाईट होती, मोठी डागडुजी करावी लागली. त्यानंतरचं मोठं काम होऊन ते २०२२ मध्ये पुन्हा उघडलं.

जाड भिंतींमुळं घर उबदार राहतं ना?

उन्हाळ्यात गार राहतं, हे खरं. हिवाळ्यात उलट. अर्धा मीटर दगड तापवायला शेकोटी दिवसचे दिवस पेटती ठेवावी लागते. जमिनीवर फरशा थेट मातीवर. मॉरिससाठी हे उन्हाळ्याचं घर होतं, हे विसरू नका.

असं जुनं शेतघर विकत घेतलं तर मनासारखे बदल करता येतात?

सहसा नाही. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून इंग्लंडमध्ये ऐतिहासिक इमारतींची यादी ठेवली जाते. तीन श्रेणी: एक, दोन-तारांकित आणि दोन. केल्मस्कॉट पहिल्या श्रेणीत आहे, यादीतल्या जेमतेम अडीच टक्के इमारती त्यात येतात. साधं शेतघर बहुधा दुसऱ्या श्रेणीत असतं. पण श्रेणी कुठलीही असो, संरक्षण आतल्या भागालाही लागू होतं. परवानगीशिवाय जुना जिना काढला किंवा खिडक्या बदलल्या तर तो फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकानं केलेला बदलही नव्या मालकाला पूर्ववत करायला लावू शकतात, म्हणून खरेदीआधी कागद नीट तपासून घ्या.

आणि वटवाघळं. दगडी कौलांखालची उबदार फट त्यांना फार आवडते. त्यांना कायद्यानं संरक्षण आहे, त्यांच्या जागेला हात लावणं गुन्हा आहे. छप्पर उतरवायचं म्हणजे आधी वटवाघळांची पाहणी, आणि ती असली तर त्यांच्या सोयीचा हंगाम बघून काम. कंत्राटदारापेक्षा त्यांचं वेळापत्रक मोठं ठरतं.

सगळ्या इंग्लंडात शेतघरं अशीच असतात का?

नाही. चुनखडकाचा पट्टा डॉर्सेटपासून ईशान्येला यॉर्कशायरपर्यंत तिरका जातो, आणि अशी घरं मुख्यतः त्या पट्ट्यात. यॉर्कशायरच्या पेनाइन डोंगराळ भागात काळपट वालुकाश्म, आणि घर व कोठार एकाच लांब छपराखाली. कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट, तो घडवायला अवघड म्हणून नक्षी जवळजवळ नाही. लेक डिस्ट्रिक्टमध्ये स्लेट. आणि जिथं दगडच नाही तिथं लाकडी सांगाडा, वीट किंवा नुसती माती.

लंडनमधलं केल्मस्कॉट हाउस हेच का?

नाही. ते हॅमरस्मिथला, टेम्सच्याच काठी, मॉरिसचं शहरातलं घर. गावच्या घराचं नाव त्यानं तिकडं दिलं. १८८० मध्ये तो घरच्यांना आणि मित्रांना घेऊन नावेतून त्या घरापासून या घरापर्यंत आला होता.

बघायला जायचं तर?

घर वर्षभर उघडं नसतं, मुख्यतः वसंत ते शरद. निघण्याआधी वार आणि वेळ बघून घ्या. गावात रेल्वे नाही. पायी यायचं तर लेचलेडहून टेम्सच्या काठाकाठानं वाट आहे, पावसाळी दिवसांनंतर ती चिखलाची असते. नदी इथं पसरते, आसपासची कुरणं पाण्याखाली जातात.

फक्त घर बघून परतू नका. चर्चच्या आवारात मॉरिसची कबर आहे, वेबनं आखलेली, वरचा दगड छपरासारखा दोन बाजूंना उतरता. १८९६ मध्ये लेचलेड स्टेशनपासून त्याची शवपेटी शेतकऱ्याच्या गाडीतून आणली होती. रस्त्यावर त्याच्या स्मरणार्थ जेननं १९०२ मध्ये बांधवलेली जोड-घरं आहेत, तीही वेबची. आणि गावचं सभागृह वास्तुविशारद अर्नेस्ट गिम्सनच्या आराखड्यावरचं, १९३४ मध्ये बर्नार्ड शॉ यांच्या हस्ते उघडलेलं. ही तिन्ही बांधकामं जुन्या घरापासून काय शिकली ते एका फेरीत दिसतं. गिम्सनचं छप्पर तर बारकाईनं बघा.

गाडी असेल तर ग्रेट कॉक्सवेलचं कोठार चुकवू नका. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचं, तेराव्या शतकाच्या अखेरचं, ४६ मीटर लांब. मॉरिस पाहुण्यांना तिथं न्यायचा. बाहेरून तीच दगडी भिंत आणि तीच दगडी कौलं, आत शिरलात की ओकच्या खांबांचं जंगल. तिथं गर्दी नसते.